रिहर्सलचं माहेर

पाणीपुरवठा खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये सकाळी सव्वानऊला कुजबुजताई खुर्चीवरून ताडकन उठली, हातातलं डिक्शनरीचं जाडजूड धूड तसंच छातीशी धरलं आणि पळत सुटली. एखादी बाई पळाली यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. पण ही बाई एकतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही पळालेली नव्हती. आग लागल्याची घंटा चुकून वाजली होती त्या दिवशीसुद्धा ती जिन्यावरून चालत खाली आली होती, तीही कपाटांना कुलपं लावून.

कुजबुजताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. खात्यात एक हौशी नाटकमंडळी होती. दरवर्षी सगळ्या खात्यांची नाट्यस्पर्धा व्हायची आणि पाणीपुरवठावाले त्यात हमखास उतरायचे. सलग एकोणीस वर्षं त्यांची प्रॉम्प्टर हीच. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, हातात बारीक टॉर्च, आणि कोणी अडला की त्याच्या कानापर्यंत जाईल पण प्रेक्षकांपर्यंत जाणार नाही अशा आवाजात पुढचे दोन शब्द सोडायचे. ही कला आहे बरं का! घसा फाडून ओरडणं कुणालाही जमतं. एकोणीस वर्षांत पहिल्या रांगेतल्या माणसाने तिची कुजबुज एकदाही ऐकली नाही, आणि अडलेल्या नटाला ती एकदाही ऐकू आली नाही असं झालं नाही. त्यावरून नाव पडलं, आणि तिलाही ते आवडायचं.

या वर्षी मात्र तिला भूमिका मिळाली होती. घरमालकिणीचं काम करणाऱ्या बाईंची बदली झाली आणि मास्तर म्हणाले, "ताईंना सगळं नाटक पाठ आहे, त्याच करतील." झालं, ठरलं. ताई दोन महिन्यांनी रिटायर होणार होती, म्हणजे पहिली भूमिका तीच आणि शेवटचीही तीच. घरी थोरल्या बहिणीला, आक्काला, सांगितलं तेव्हा आक्काने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"एकोणीस वर्षं येतेय गं मी नाटकाला," मग ती म्हणाली. "लोक विचारतात, तुमची बहीण कुठे होती? मी म्हणते, होती की, आतमध्ये होती. आता एकदा काय ते बाहेर ये बाई."

आक्काने शेजारपाजारची नऊ माणसं गोळा केली होती आणि त्यातल्या दोघांना तर नाटकाचं नावही पसंत नव्हतं, तरी ते येणार होते. नाटक आज संध्याकाळी सहाला होतं. आणि कुजबुजताईने आपल्या अकरा वाक्यांपैकी एकही वाक्य अजून एकदाही तोंडातून काढलेलं नव्हतं!

हे कसं काय, तर त्याला कारण मास्तर. मास्तर म्हणजे मीटर दुरुस्ती विभागाचे फोरमन. आधीचे दिग्दर्शक दुसऱ्या ऑफिसात गेले, तेव्हा यंदा पहिल्यांदाच दिग्दर्शन यांच्या गळ्यात पडलं. माणूस सरळ, कामाला वाघ, पण सगळं आयुष्य पाण्याचे मीटर तपासण्यात गेलेलं. मीटर तपासायची एक पद्धत असते. टेबलावर मीटर बसवायचा, ठरावीक पाणी सोडायचं, काटा बरोबर तेवढंच दाखवतो का बघायचं. मध्येच कुठे नळी निसटली, थेंब गळला, की ती तपासणी बाद. काटा शून्यावर आणायचा आणि पहिल्यापासून सुरू. मास्तरांनी तीस वर्षं हेच केलं होतं, आणि नाटक हाती आल्यावर त्यालाही त्यांनी मीटरच्याच टेबलावर बसवलं.

"शून्यावर!" कोणीही चुकलं की मास्तर हात वर करून गर्जना करायचे. मग सगळे पहिल्या पानावर.

नाटक चौसष्ट पानांचं. सत्तावीस रिहर्सली झाल्या. त्यांतली सगळ्यात लांब गेली ती एकेचाळिसाव्या पानापर्यंत, आणि तिथे कुणाला तरी शिंक आली. पहिलं वाक्य होतं, "कोण आहे तिकडे?" ते इतक्या वेळा म्हणून झालं होतं की बाहेर गेटवरचा वॉचमन आता त्याला "मी आहे!" असं उत्तर द्यायचा. नाटकाची पहिली पंधरा पानं अशी घोटून झाली होती की बघत राहावं, आणि पुढे सगळा आनंद. आपल्याकडे नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे तर नमनातच विहीर आटली होती. घरमालकीण स्टेजवर येते अठ्ठावन्नाव्या पानावर. कुजबुजताई सत्तावीस दिवस वही मांडीवर घेऊन इतरांना शब्द देत राहिली आणि आपल्या पानाची वाट बघत राहिली. बोलली का नाही, विचाराल, तर प्रॉम्प्टरची सवय अशी की कोणी अडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. इथे सगळं नाटकच अडलं होतं, पण ते तिच्या लक्षात यायला आजची सकाळ उजाडावी लागली.

आता त्या डिक्शनरीकडे येऊ. फार वर्षांपूर्वी खात्याच्या लायब्ररीतून ती रद्दीत निघाली होती, ताईने तिला वाचवलं. तेव्हापासून रोज सकाळी एक इंग्रजी शब्द काढायचा, जुन्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचा आणि रेकॉर्ड रूमच्या दारावर टाचायचा, असा तिचा नेम. अर्थाचं तिला फारसं कौतुक नसे. ती म्हणायची, अर्थ म्हणजे शब्दाचं सासर, तिथे तो आता नांदतोय हे दिसतंच आहे; मला त्याचं माहेर सांगा. माहेर म्हणजे तो शब्द मुळात कुठल्या घरातला, कुठल्या भाषेतून निघाला. जाता-येता लोक दारापाशी थांबायचे, "ताई, आज कुणाचं माहेर?" असं विचारायचे, आणि तिचा दिवस चांगला जायचा.

आज सकाळी तिला जिन्यात पाना भेटला. पाना म्हणजे पाइपलाइनवरचा फिटर, नाटकाचा नायक. खिशात कायम पाना, म्हणून नावही तेच. बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, आज रिहर्सल हाच शब्द घ्या," तो म्हणाला. "सत्तावीस झाल्या. बघा तरी ही बया आली कुठून."

ताईने वर जाऊन पान उघडलं. आपण तालीम म्हणतो ती अरबीतली, शिकवण्याशी नातं असलेली, हे तिला ठाऊक होतं. रिहर्सलही अशीच शिक्षकी घरातली असेल असं तिला वाटलं होतं. वाचलं आणि ती जागच्या जागी उडालीच! पुन्हा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. आणि मग, सुरुवातीला सांगितलं तशी, पळत सुटली.

खात्याचा एक जुना पंप बंद पडला होता, त्याच्या दालनात रिहर्सली चालायच्या. मास्तर, पाना आणि बाकीचे पाच जण शेवटच्या रिहर्सलीसाठी जमले होते. तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"मास्तर, लांडगा!" कुजबुजताई धापा टाकत म्हणाली.

पाना टुणकन बाकावर चढला. "कुठे?"

"शब्दात रे, शब्दात! उतर खाली." तिने डिक्शनरी टेबलावर आपटली. "रिहर्सल कुठून आली माहितीये? जुन्या फ्रेंचमधून. तिथे हर्स म्हणजे दाताळं! शेतातलं, दात असलेलं, ढेकळं फोडायला जमिनीवरून ओढतात ते. आणि री म्हणजे पुन्हा. रिहर्सल म्हणजे पुन्हा दाताळं फिरवणं! नाटक नाही, गाणं नाही, चक्क शेती आहे ही! आणि हर्सच्याही मागे जा, तर लॅटिन, आणि त्याच्याही मागे इटलीतली एक जुनी बोली, आणि तिथे लांडगा. दातांमुळे म्हणे! लांडग्याच्या दातांवरून दाताळं, दाताळ्यावरून रिहर्सल!"

एवढं ती एका दमात बोलली, आणि थांबावं की नाही? पण शब्द सापडल्यावर या बाईला आवरणं कठीण.

"आणि ऐका तर! प्रेत नेणाऱ्या गाडीला इंग्रजीत हर्स म्हणतात ना, तीसुद्धा या रिहर्सलची मावसबहीण! शवपेटीवर मेणबत्त्या लावायची चौकट दाताळ्यासारखी दिसायची, तिला ते नाव पडलं, मग चौकटीवरून गाडीला."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "ताई, आज नाटक आहे हो. त्या मावसबहिणीला आजच्या दिवस घरीच राहू द्या."

सगळे हसले, पण पाना हसला नाही. तो बाकावरून उतरून डिक्शनरीतल्या छोट्या अक्षरांकडे बघत होता. त्याचं बालपण शेतावर गेलं होतं. ताईने तर शेत पाहिलं ते फक्त बसच्या खिडकीतून.

"पाना, मला एक सांग," ताई म्हणाली. "दाताळं ओढतात कसं?"

"त्यात काय. आधी नांगर. नांगराने जमीन उलटते, मोठाली ढेकळं पडतात. मग दाताळं फिरवायचं, ढेकळं फुटतात. पुन्हा फिरवायचं, आणखी बारीक होतात. प्रत्येक फेरीला पाळी म्हणतो आम्ही."

"आणि मध्येच एखादं ढेकूळ फुटलं नाही तर? परत बांधावर जायचं? पहिल्यापासून?"

"वेड लागलंय का?" पाना म्हणाला. "पुढे जायचं, शेत पुरं करायचं. राहिलेलं ढेकूळ पुढच्या पाळीत फुटतं. उभी पाळी झाली की आडवी द्यायची, दुसऱ्या बाजूने. दर ढेकळाला बांधावर परत जात बसलो तर बांधाजवळची माती होईल पिठासारखी आणि बाकीचं शेत राहील तसंच..."

बोलता बोलता तो थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. दालनात सगळे मास्तरांकडे बघायला लागले आणि मास्तर छताकडे.

"पण मीटरमध्ये एकदा गळती झाली की ती तपासणी धरत नाहीत," मास्तर म्हणाले. आवाजात नेहमीची गर्जना नव्हती.

"मास्तर," कुजबुजताई म्हणाली, "आपलं नाटक संपतं कसं?"

"म्हणजे?"

"शेवटी काय होतं?"

"ती घरमालकीण येते," मास्तर म्हणाले. "आणि मग... मग सगळं नीट होतं."

"नीट म्हणजे कसं?"

मास्तरांनी पानाकडे पाहिलं. पानाने शेजारच्याकडे. शेजारच्याने बुटांकडे. नाटक निवडताना सगळ्यांनी ते एकदा वाचलं होतं, त्याला झाले चार महिने. संध्याकाळी सहाला पडदा वर जाणार होता आणि तो खाली कसा येणार हे त्या दालनात एका प्रॉम्प्टरशिवाय कुणालाही सांगता येईना! आता मात्र सगळ्यांचं धाबं दणाणलं. एकच गलका झाला. कुणी म्हणे नाटक रद्द करा, कुणी म्हणे एकेचाळिसाव्या पानावरच पडदा टाका, लोकांना वाटेल नवीन पद्धत आहे.

"आडवी पाळी द्या," ताई म्हणाली. तिच्या गालांवर लाली आली होती. "दुसऱ्या टोकाकडून. आधी शेवट करू, मग त्याच्या आधीचा प्रवेश, मग त्याच्या आधीचा."

"म्हणजे आधी कळस मग पाया!" मास्तर म्हणाले.

"पाया सत्तावीस वेळा घालून झालाय, मास्तर."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तीस वर्षांची सवय अशी एका सकाळीत सुटत नसते आणि त्यांना ती सोडायची होती ती नाटकाच्या दिवशीच. पण माणूस खोटा नव्हता, चूक दिसली की मान्य करणारा होता.

"अठ्ठावन्नावं पान काढा," ते म्हणाले. "आणि चुकलं की..." त्यांचा हात आपोआप वर गेला. "चुकलं की पुढे."

नाटकाची गोष्ट अशी. एक तरुण भाडेकरू काही न सांगता खोली सोडून निघून जातो. वीस वर्षांनी, सगळं गमावून, तो त्या घरासमोर येऊन उभा राहतो. लोक त्याला ओळखत नाहीत. शेवटी म्हातारी घरमालकीण जिना उतरून येते. ती त्याला ओळखते, अकरा वाक्यं बोलते, आणि शेवटचं वाक्य म्हणजे, "तुझी खोली मी रोज झाडत होते." पडदा.

मास्तरांनी स्वतः वही धरली. पाना जागेवर उभा राहिला. दोन खोकी एकावर एक ठेवून जिना केला होता, तो कुजबुजताई उतरली. चेहरा योग्य, हात योग्य, थांबणं योग्य. तिने तोंड उघडलं, आणि त्यातून निघाली ती कुजबुज.

इतकी सुरेख, इतकी मुरलेली कुजबुज की समोर उभ्या पानाला शब्द न् शब्द कळला आणि पाच पावलांवरच्या मास्तरांना काहीही नाही.

"ताई, आवाज," मास्तर म्हणाले.

तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिला वाटलं आपण ओरडतोय, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या, पण बाहेर यायची ती हवा. एकोणीस वर्षं ज्या गळ्याला स्टेजजवळ गप्प राहायला शिकवलं, तो स्टेजच्या वाक्याला मोकळा व्हायला तयार नव्हता. घरी आक्काशी भांडताना तोच गळा तीन मजले ऐकू जायचा. आक्का, तिची नऊ माणसं, तिसऱ्या रांगेतून माना पुढे काढून बघताहेत आणि आपण मासोळीसारखे ओठ हलवतोय, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिला रडूच आलं.

"मास्तर," ती म्हणाली, आणि हे मात्र चांगलं ऐकू आलं, "माझ्याने व्हायचं नाही. दुसऱ्या कुणाला तरी उभं करा. मी शब्द देते विंगेतून."

मास्तरांचा हात वर गेला. सगळ्यांना वाटलं, आता शून्यावर. पण मास्तरांनी तो हात तसाच पुढे केला, वाहतूक पोलीस गाडी सोडतो तसा.

"पुढे!" ते ओरडले. "अहो, तुम्हीच सांगितलंत ना? ढेकूळ राहू दे. दुसरं वाक्य घ्या. पुढे!"

मग काय, पाळ्या सुरू झाल्या. पहिल्या पाळीत अकरापैकी एक वाक्य आवाजात निघालं, तेही मधलंच. पानाने युक्ती काढली. दुसऱ्या पाळीला तो तिच्यासमोरून निघून दालनाच्या मध्यावर गेला. "ऐकू येत नाही, ताई!" तिसऱ्या पाळीला तो पार पंपाच्या मागे. "काही ऐकू येत नाही!" त्याच्यामागे बाकीचेही गेले, आणि शेवटी मास्तरही वही घेऊन भिंतीला टेकून उभे राहिले. आता कुजबुजणार कुणाच्या कानात? ताई चिडली. खोटं कशाला सांगू, चांगलीच चिडली. सकाळपासून पळून, बोलून, रडून तिचा घसा तापला होता. चौथ्या पाळीला तिने खोक्यावर उभं राहून पहिलं वाक्य असं ठणकावलं की पंपाच्या पत्र्यावरची धूळ उडाली.

वाक्य होतं, "वीस वर्षांनी आलास तो बाहेरच उभा राहायला?"

दार उघडलं आणि वॉचमन आत डोकावला. "मला तर दोन वर्षंच झाली लागून, ताई," तो घाबरून म्हणाला. "आत येऊ का?"

त्याला सगळ्यांनी मिळून आत घेतलं. दुपारी दीडपर्यंत शेवट चारदा, मधला भाग दोनदा आणि सुरुवात एकदा, तीही मास्तरांनी सवयीने मागितली म्हणून, असं सगळं शेत पालथं घालून झालं. ढेकळं होती अजून. पण शेत पुरं झालं होतं, एका दिवसात, आणि सगळ्यांना असा चेव चढला होता की सामानाची गाडी यायच्या आधी ते गेटवर जाऊन उभे राहिले.

सहा वाजता पडदा वर गेला. पहिली पंधरा पानं वाऱ्यासारखी गेली. चोविसाव्या पानावर एक जण अडला, मास्तरांनी विंगेतून शब्द दिला, तो चुकीच्या पानावरचा होता, पण नट पुढे गेला. एकेचाळिसावं पान ओलांडलं तेव्हा विंगेत उभ्या सगळ्यांनी एकमेकांचे हात दाबले. तिथून पुढे आज सकाळपर्यंत कधी कोणी गेलंच नव्हतं. पन्नास. पंचावन्न. कुजबुजताई खऱ्याखुऱ्या लाकडी जिन्याच्या वरच्या पायरीवर, अंधारात, पांढरा केसांचा टोप घालून उभी होती आणि तिचं काळीज असं धडधडत होतं की खाली पानाला ऐकू जाईल अशी तिला भीती वाटत होती.

अठ्ठावन्न. ती उतरली.

एकोणीस वर्षं तिने नाटक बाजूने पाहिलं होतं, नटांचे कान आणि पाठी. प्रेक्षक समोरून कसे दिसतात हे तिला माहीतच नव्हतं. इतकी तोंडं, आणि सगळी तिच्याकडे! तिने पहिलं वाक्य म्हटलं आणि ते अर्धं आवाजात निघालं, अर्धं हवेत विरलं. मागून कोणीतरी "काय म्हणाली?" असं विचारलं.

दुसऱ्या कुणी ते वाक्य पुन्हा म्हटलं असतं. ताई पुढे गेली. दुसरं वाक्य आलं, अख्खं. तिसरं आलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. पाना समोर होता, पण तो पाना राहिला नव्हता. वीस वर्षं उन्हातान्हात फिरून आलेला, मान खाली घातलेला कुणीतरी होता, आणि तिला त्याचा राग येत होता आणि मायाही येत होती. नऊ. दहा. नाट्यगृहात कुणी खोकतही नव्हतं.

"तुझी खोली," ती म्हणाली, "मी रोज झाडत होते."

आणि पडदा पडला नाही.

ती थांबली. पाना थांबला. पडदा ढिम्म. ताईला विंगेत पडदेवाला दिसत होता. दोरीला हात लावून, मन लावून नाटक बघत उभा होता बापडा. आणि मग तिला आठवलं. शेवटचं वाक्य कुठलं, हे पडदेवाल्याला चिठ्ठीवर लिहून द्यायचं असतं. ते काम प्रॉम्प्टरचं. एकोणीस वर्षं ती चिठ्ठी तीच द्यायची, आणि आज प्रॉम्प्टर टोप घालून जिन्यावर उभी होती! सकाळी पंपाच्या दालनात पडदाच नव्हता, तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर वहीचं शेवटचं पान उलटून मागची कोरी बाजू बघत होते. पानाच्या डोळ्यांत ती नजर होती, जी तिने एकोणीस वर्षं ओळखली होती. अडलेल्या नटाची. पुढचे दोन शब्द द्या, अशी. तिच्या ओठांवर नेहमीची कुजबुज येऊन थांबली, पण कुजबुजायला वाक्यच नव्हतं. वही संपली होती. आणि लिहिलेलं नाही असं एक अक्षर तिने आजवर कुठल्याही नाटकात उच्चारलेलं नव्हतं.

समोर तो मान खाली घालून उभा होता. वीस वर्षांनी आलेला. ती दोन पायऱ्या उतरली.

"जेवलास का?" तिने विचारलं.

पानाने सकाळपासून भीतीने पोटात अन्नाचा कण घातला नव्हता. त्याने चमकून वर पाहिलं आणि खरं काय ते सांगून टाकलं.

"नाही," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे घळघळा वाहायला लागले.

सगळं नाट्यगृह एकदम श्वास घेतल्यासारखं हललं. मग टाळ्या. एकदा सुरू झाल्या त्या थांबेनात. लोक उभे राहत होते, कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं, आणि त्या कडकडाटाने पडदेवाला भानावर आला आणि त्याने घाईघाईने दोरी सोडली. पडदा पडला.

आत अंधारात सगळे जिन्याकडे धावले. मास्तर वही उंचावत काहीतरी सांगत होते, ते कुणालाच कळत नव्हतं. पानाने बाहीने तोंड पुसलं आणि ताईचा हात धरला.

"ताई, ते शेवटचं वाक्य कुठलं होतं? माझ्या वहीत नाहीये ते."

"माझ्याही नाही!" कुजबुजताई म्हणाली, आणि हे ती इतक्या मोठ्याने म्हणाली की पडद्यापलीकडे तिसऱ्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.